घराला सुटलेली खाज

आमचे सासरे, भिकन नाना, एका जागी स्वस्थ बसलेत असं मी लग्नानंतरच्या अकरा वर्षांत पाहिलेलं नाही. जेवताना एक पाय मांडी घातलेला, दुसरा उठायच्या तयारीत. चहा पितात तो अंगणात फेऱ्या मारत. पहूरच्या स्टँडवर जायचं काम नसलं तरी दिवसातून तीनदा जातात आणि परत येताना कोणाच्या तरी गोठ्यात डोकावतात. मी वैतागून म्हणायची, "नाना, तुमच्या पायाले भोवरा हाये का?" ते म्हणायचे, "भोवरा नाई बेटा, सवय हाये."

सवय नोकरीची. नाना पट्टीबंधक होते. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर सुई टोचेपर्यंत बैल धरून ठेवायचा, जखमा धुवायच्या, नळीनं औषध पाजायचं, हे पट्टीबंधकाचं काम. नाव डॉक्टरचं, लाथ पट्टीबंधकाला. साक्री, शिरपूर, यावल असं तेहेतीस वर्षं फिरून ते शेवटी सोनगीरला आले. मी सोनगीरची. आमची म्हैस पाहायला आले आणि सून पाहून गेले, असं माझे भाऊ मला अजून चिडवतात.

नाना कोणालाही न विचारता औषध द्यायचे. हाताचा अंदाज पक्का. बैलाच्या अंगावर गोचीड दिसले की बाटलीच्या टोपणानं औषध मोजायचं, बादलीत ढवळायचं आणि फडक्यानं अंग पुसून काढायचं. हजारो जनावरं त्यांनी अशी पुसली. त्याच हातानं एक मांजर मेलं.

ही गोष्ट त्यांनी मला स्वतः सांगितली, तीही एकदाच. माझी नणंद ममता धुळ्याला देवपुरात राहते. तिच्या शेजारी शेवंताबाई नावाची एकटी बाई आणि तिचं पांढरं मांजर. मांजराला पिसवा झाल्या होत्या. नाना तिथे गेलेले, बाईनं विचारलं, नानांनी पिशवीतली जनावरांची बाटली काढली. मांजर लहान म्हणून औषधही थोडंच घेतलं आणि त्याच्या मानेला, पाठीला चोळलं. पण बैल अंग चाटून स्वच्छ करत नाही, मांजर करतं. आणि बैलाला जे सोसतं ते मांजराला थेंबभरही सोसत नाही. दुपारी ते थरथरायला लागलं, तोंडाला फेस आला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. ती बाटली नानांनी कुठल्याशा खड्ड्यात पुरली. तेव्हापासून ते कोणत्याही जनावराला डॉक्टरला विचारल्याशिवाय बोटभर मलमसुद्धा लावत नाहीत. आणि धुळ्याला गेले की शेवंताबाईंच्या ओट्यावर जाऊन बसतात. ती बाई म्हणते, "या भाऊ, बसा. तुम्हीन काय मुद्दाम करं का?" तरी हे जातात. माफ झालेलं माणसाला पटायला वेळ लागतो.

तांब्या आमच्याकडे आला तो नानांच्या मागे चालत, स्टँडवरून. मुठीएवढं कुत्र्याचं पिल्लू. नाव मी ठेवलं. आमच्या सोनगीरला तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीशेजारी मी वाढले, नवा तांब्या उन्हात ठेवल्यावर दिसतो तसा त्याचा रंग होता. नानांनी त्याला जंताचं औषध, पिसाळू नये म्हणून लस, गोचिडाची दर महिन्याची गोळी, सगळं डॉक्टरच्या चिठ्ठीनं दिलं. आमच्या मुलीच्या लसी एखाद वेळेला चुकल्या असतील, तांब्याची एकही चुकली नाही.

गेल्या वर्षी कापूस बरा पिकला, पण भाव बसला. माझे मिस्टर भूपेंद्र म्हणाले, थांबू. अख्खं गाव थांबलं होतं. मग दरवर्षीसारखा पुढच्या खोलीत कापूस भरला, छताला टेकेल एवढा. पहिल्या वेचणीच्या बोंडांना कुंकू लावलेलं, दिवाळीला ढिगासमोर दिवा लावलेला. कापसाला चपलेचा पाय लावायचा नाही, असं मी मुलीला सांगायची. ढिगाला लागूनच आमचे पलंग, आणि ढिगाच्या पायथ्याशी पोटानं खळगा करून निजणारा तांब्या.

माघ संपत आला तसा तांब्या खाजवायला लागला. आधी गंमत वाटली. मग तो भाकरी अर्धी टाकून खाजवायचा, चालता चालता बसून खाजवायचा, पोट दातांनी कुरतडायचा. पंधरा दिवसांत जांघेतले आणि काखेतले केस गेले, कातडी लाल झाली. घरात एकसारखा खर्र खर्र आवाज. मला शाळेचे पेपर तपासताना तो आवाज सहन होईना. मी ओरडायची, तो दचकून थांबायचा आणि परत सुरू करायचा.

नानांनी त्याला अंगणात उन्हात घेतलं. आधी कानाची कड बोटांत धरून चोळली.

"खरूज असली ना, तर कानाची कड चोळली का मागचा पाय आपोआप हालतो," ते मला म्हणाले. पाय हलला नाही.

मग बारीक फणीनं पाठ विंचरली आणि निघालेला काळा भुसा ओल्या पांढऱ्या कागदावर झटकला. पिसवांची घाण असती तर पाण्यानं लाल झाली असती, कारण ती प्यालेल्या रक्ताचीच असते. कागदावर नुसती माती राहिली. पिसवांचा त्रास असला तर आधी शेपटीजवळची पाठ उघडी पडते म्हणे. तांब्याची पाठ शाबूत होती, सगळी आग पोटाखाली होती.

"ना खरूज, ना पिसवा," नाना म्हणाले आणि अंगणात फेऱ्या मारायला लागले.

दुसऱ्या दिवशी त्याला रिक्षात घालून जळगावला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कातडी तीन ठिकाणी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. किडा सापडला नाही. "अॅलर्जी दिसतेय," ते म्हणाले. खाजेच्या गोळ्या दिल्या, अंघोळीचं औषध दिलं आणि सांगितलं, "नाना, गोळ्यांनी आठवडाभर बरं वाटेल. पण कशाची अॅलर्जी ते घरातच शोधावं लागेल. काय खातो, कुठे लोळतो, कुठे झोपतो."

झालं. नानांना काम मिळालं आणि आमच्या घराची झोप उडाली. तांब्याचं दूध बंद. मग अंडी बंद. मग नुसती ज्वारीची भाकरी. फरशी पुसायचं फिनेल बंद, मला साध्या पाण्यानं पुसायला लावलं. त्याच्याखालचं गोणपाट उकळून काढलं. अंगणातलं गाजरगवत उपटून टाकलं. माझी कपडे धुवायची पावडर बदलली. अगरबत्ती बंद. एके दिवशी माझ्या गजऱ्याकडे संशयानं पाहायला लागले तेव्हा मी तो काढून त्यांच्या हातावरच ठेवला. ढिगाच्या पायथ्याशी उकळलेलं गोणपाट रोज नवं अंथरायचे, तांब्या त्यावर निजायचा, आणि सकाळी परत पोट लाल.

कापसाकडे त्यांनी पाहिलं नाही. मीही नाही. घरात लक्ष्मी बसलेली असताना तिच्या पदराखाली कोण पाहतं?

मग मला खाज सुटली. आधी दंडाला, मग मानेला, मग कमरेला. बारीक लाल फोड, मध्ये टाचणीएवढा ठिपका. मुलीचं पोट तसंच झालं. भूपेंद्र शर्टात हात घालून खाजवत शेतात जायचे. शाळेत मी फळ्याकडे तोंड करून खाजवायची आणि पोरं मागून हसायची. गावातल्या डॉक्टरांनी दुरून पाहूनच विचारलं, "घरात कुत्रं आहे का?"

"आहे. त्यालाही असंच झालंय."

"मग आणखी काय पाहिजे?" ते म्हणाले आणि खरजेचं मलम लिहून दिलं.

मी घरी येऊन नानांना सांगितलं. ते म्हणाले, "बेटा, त्याले खरूज नाई. मी पाह्यलं, जळगावच्या डॉक्टरनं पाह्यलं." मी म्हटलं, तुमच्या डॉक्टरला दुसरं काय सापडलं? मला राग आला की माझ्या तोंडी सोनगीरची अहिराणी येते. त्या रात्री जेवताना मी ताट सरकवून भूपेंद्रला म्हटलं, "आते बस! ह्या घरमा एक ते तो ऱ्हाई, नहीते मी!" नाना ऐकत होते. म्हणाले, "मले आठ दिवस दे. मी शोधतो."

मी आठ दिवस दिले नाहीत. चौथ्या दिवशी नाना दोन दिवसांसाठी धुळ्याला गेले, तिथल्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारायला. आणि नेहमीप्रमाणे शेवंताबाईंच्या ओट्यावर बसायला. ते तिथे बसलेले असताना इकडे मी तांब्याच्या गळ्यातला पट्टा काढला आणि भूपेंद्रनं त्याला टेम्पोत चढवलं. त्याला गाडीत बसायची सवय दवाखान्याची, त्यामुळे तो आपणहून चढला. वाकोदच्या पुढे रस्त्यालगत एक हॉटेल आहे, तिथे खरकटं मिळेल, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. मी त्याच दिवशी गोधड्या उकळल्या, घर धुतलं, मलम लावलं आणि पडले.

नाना आले. पायरीशीच थांबले. "तांब्या कुठी?"

भूपेंद्रनं खाली पाहिलं. मी सांगितलं. वाटलं होतं की ओरडतील. ते ओटीवर बसले आणि बसूनच राहिले. मला त्यांच्या फेऱ्यांचा वैताग यायचा, पण त्या दिवशी ते हलेनात तेव्हा मला भीती वाटली. शेवटी म्हणाले, "मांजर मी मारलं, मले माहीत नव्हतं म्हनून. तुम्हाले त मी सांगितलं व्हतं."

आठ दिवस गेले. खाज गेली नाही. पंधरा दिवस गेले, उन्हं तापली, खाज दुप्पट झाली. मलमाच्या दोन नळ्या संपल्या. मुलगी शाळेतून आली की फ्रॉक वर करून पोट गार फरशीला टेकवून पडायची, अगदी तांब्यासारखी. मला ते पाहवत नव्हतं, पण तोंडानं मी म्हणत होते, कुत्र्याची खरूज जायला वेळ लागतो.

मग जीवराम आला. हा गावातला हमाल, व्यापाऱ्यासाठी घराघरांतला कापूस पाहून ठेवतो. एवढ्या उन्हात त्याच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा जाड सदरा, मानेला उपरणं गुंडाळलेलं. त्यानं ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस काढला, सरकी फोडून पाहिली. आत गुलाबी अळी मरून पडलेली. मग पलंगांकडे पाहिलं, मग माझ्या मानेकडे.

"वहिनी, तुम्ही अठी निजता?"

"हो. का?"

"अवं, कीड पडली हाये कापसात. सरकीतल्या अळीवर बारीक किडा पडतो, डोळ्याले दिसत नाई. माणसाले चावतो, कुत्र्यामांजराले चावतो. आम्ही उन्हाळ्यात बाह्या काहून घालतो मंग? हे सगळ्या हमालांले माहीत हाये."

आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. ज्याच्या घरात कापूस आहे त्याला माहीत नाही, जो पाठीवरून वाहतो त्याला माहीत. आम्ही त्याला कधी विचारलंच नव्हतं.

नाना दारात उभे होते. त्यांची नजर ढिगाच्या पायथ्याशी होती. तांब्याच्या पोटाचा खळगा कापसात अजून तसाच होता. पोट, काखा, जांघा, जिथे जिथे तो कापसाला टेकायचा तिथेच केस गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कुठे झोपतो ते पाहा. नानांनी गोणपाट पाहिलं, गोणपाटाला लागून काय आहे ते पाहिलं नाही. "मी पन आंधळाच," ते म्हणाले. चपला घातल्या आणि स्टँडकडे निघाले.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला अजून धड बसवत नाही. नाना रोज पहिल्या बसनं वाकोदला जायचे. हॉटेलवाला म्हणाला, असं लाल कुत्रं चार दिवस रस्त्याच्या कडेला बसून होतं, येणाऱ्या प्रत्येक टेम्पोमागे पळायचं, मग दिसलं नाही. नाना रस्त्यानं पायी चालायचे, खड्ड्यांत डोकावायचे, मेलेलं काही पडलं असलं तर जवळ जाऊन रंग पाहायचे. संध्याकाळी यायचे ते पाय सुजवून. मी पाणी द्यायची, ते घेऊन अंगणात निघून जायचे. इकडे कापूसही घरातच होता. भूपेंद्र म्हणत होते, एवढे दिवस काढले, आता आणखी आठवडाभर. पलंग तेवढे आम्ही मागच्या पडवीत नेले.

अठराव्या दिवशी नाना दुपारीच परत आले आणि मला म्हणाले, "चल." मी विचारलं नाही. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या. बसमध्ये मी खाजवत होते, ते खिडकीबाहेर पाहत होते.

वाकोदपासून आत शेतात एक वीटभट्टी होती, तिथे लाल कुत्रं आहे असं हॉटेलवाल्यानं नानांना सांगितलं होतं. सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेलं एक कुटुंब तिथे विटा पाडत होतं, ठाकऱ्या आणि त्याची बायको मोगराबाई. झोपडीसमोर गार राखेच्या ढिगावर तांब्या पडला होता.

मी आधी ओळखलंच नाही. त्याच्या पोटावर केस आले होते. काखा भरल्या होत्या. नव्या तांब्यासारखं अंग, मी नाव ठेवलं तेव्हा होतं तसं. औषध नाही, गोळी नाही, फक्त आमचं घर सुटलं होतं. नानांना पाहून तो असा धावला की नाना राखेतच बसले. त्यांनी कानाची कड पाहिली, काखा पाहिल्या, पोट उताणं करून पाहिलं, आणि मग या माणसाला मी पहिल्यांदा रडताना पाहिलं.

मोगराबाई विटांचा साचा ठेवून आली. तिच्या कडेवर तान्हं मूल होतं. "तुमचा आहे का? चांगला कुत्रा. कोणी सोडला काय माहीत."

"आम्हीच सोडला," नाना म्हणाले.

"का? काय झालं होतं त्याला?"

"त्याले काई झालं नव्हतं, बाई. आमच्या घराले झालं व्हतं."

तिला ते कळलं नसावं. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझे दंड, मान, ओरखडे, फोड. तिनं मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, माझ्यापासून लांबच्या. मग वाकून तांब्याच्या मानेला हात घातला आणि त्यालाही मागे ओढलं. "हिला खरूज आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "जवळ नको येऊ देऊ."

मी सांगू शकले असते की ही खरूज नाही, कोणाला लागणार नाही. नानांनी मला हेच सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. मी चार पावलं मागे सरकून उभी राहिले.

नाना म्हणाले, "याले आता नेत नाई. घरात अजून कापूस हाये. घर बरं झालं का येतो." मोगराबाई म्हणाली, पावसाआधी या, भट्टी बंद झाली की आम्ही गावाकडे जाणार, मग कुत्राही आमच्याबरोबर.

घरी पोहोचताच मी भूपेंद्रला म्हटलं, उद्या गाडी बोलवा, भाव काय असेल तो असो. माझं तोंड पाहून त्यांनी वाद घातला नाही. जीवराम आणि त्याचे सोबती बाह्या ओढून आले, दिवसभरात खोली रिकामी झाली. बोंडांचा पालापाचोळा आम्ही गावाबाहेर नेऊन जाळला. खोली दोनदा धुतली, दारं-खिडक्या उघड्या टाकून आठ दिवस ऊन खेळवलं. नाना स्वतः कोपऱ्याकोपऱ्यात हात फिरवून यायचे. माझे फोड सुकले, मुलगी नीट झोपायला लागली. पुढच्या वर्षी कापूस वेगळ्या पत्र्याच्या शेडमध्ये, माणूस-जनावर कोणीही त्याच्याजवळ निजणार नाही, हे मी भिंतीवर नाही, भूपेंद्रच्या डोक्यात लिहून ठेवलं.

मग नाना म्हणाले, "जा, घेऊन ये."

"तुम्ही?"

"सोडला कोनी?"

मी एकटी गेले. भट्टी विझली होती. झोपडीचे बांबू उपसून बांधून ठेवले होते, ठाकऱ्या ट्रॅक्टरमध्ये भांडी चढवत होता. तांब्याच्या गळ्यात सुतळी होती आणि सुतळीचं टोक मोगराबाईच्या हातात. मी पट्टा पुढे केला. तिनं पट्टा घेतला नाही. आधी माझा हात धरला, बाही कोपराच्या वर सारली आणि दंड उन्हाकडे वळवून नीट पाहिला. मग दुसरा. मग मान वाकवायला सांगितली आणि केसांच्या मुळाशी पाहिलं. तिची बोटं विटांच्या मातीनं खरखरीत झालेली. मी लहान मुलीसारखी उभी राहिले.

"बरी झालीस," ती म्हणाली आणि सुतळी माझ्या हातात दिली.